बाबलीच्या छातीतली काळी चार

बाबलीच्या छातीत शिटी वाजायची आणि ती काळी चारमध्ये वाजायची. हे कुणा डॉक्टरचं निदान नव्हे. शेजारच्या विश्वेश गावकराने पेटी मांडीशी घेऊन, एकेक पट्टी दाबून, तासभर खपून लावलेला तो शोध होता. विश्वेश वाडीच्या भजनात पेटी वाजवतो आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मानही त्याच्याच घराकडे आहे, त्यामुळे सूर आणि देव या दोन विषयांत वाडीत त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. शिमग्यापासून तर भजनाच्या आधी तो पेटी घेऊन बाबलीच्या पडवीत यायचा.

"बाबलीकाका, जरा जोरान श्वास सोडा बघू."

बाबली सोडायचा. विश्वेश डोळे मिटून ऐकायचा, काळी चार दाबायचा आणि मान हलवायचा. "तुमचा बरोबर आसा. पेटी उतारली."

घरातही शिटीचे उपयोग होते. तुळसा नवऱ्याला काजूच्या बागेत कधी हाक मारत नसे. बांधावर उभी राहायची, कान द्यायची आणि सरळ त्या झाडाखाली चहा घेऊन जायची. म्हशीलाही ती शिटी ऐकल्याशिवाय पान्हा फुटत नाही असं तिचं म्हणणं होतं. म्हशीला कुणी विचारलेलं नाही.

शिटीचा काडीचा उपयोग नसलेला माणूस घरात एकच, त्यांचा मुलगा दत्तप्रसाद. वय तेहतीस, कणकवलीच्या एका हायस्कुलात क्लार्क. त्याची दोन स्थळं या शिटीवर गेली होती. पहिल्या मुलीच्या मामाने अर्ध्या चहात "क्षय काय हो?" विचारून कप खाली ठेवला, तो परत उचललाच नाही. दुसऱ्यांनी काही विचारलं नाही, फक्त फोन उचलायचे बंद झाले. आता तिसरं स्थळ कुणकेश्वरचं होतं, मुलगी अक्षया. दोघं एकदा भेटली होती, बोलली होती, एकमेकांना हसलीही होती. राहिलं होतं फक्त घर बघणं. ते रविवारी सकाळी ठरलं.

शुक्रवारी बाबलीने तरवा भाजला. भाताचं बी जिथे पेरायचं त्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांची कवळं आणि सुक्या पानांचा पातेरा पसरून तो पेटवायचा, ही रीत. दरवर्षी चैत्रात सगळी वाडी धुरात बसते. दत्तप्रसादने बापाला निक्षून सांगितलं होतं की यंदा धुरात जायचं नाही, गड्याकडून करून घेऊ.

"पावणे येतले आणि तरवो भाजूक नाय म्हटल्यार काय म्हणतीत?" बाबली म्हणाला. "घरात आळशी माणसा आसत म्हणतीत."

"बाबा, पावणे तरवो बघूक येणत नाय."

"कुणकेश्वराकडली माणसा. काय बघतीत आणि काय नाय, तुका म्हायती?"

तो चार तास धुरात उभा राहिला. संध्याकाळी घरी आला तेव्हा शिटी काळी पाचवर गेली होती. शनिवारी सकाळी विश्वेशने पेटी काढली, वरच्या सप्तकापर्यंत जाऊन आला आणि भाता बंद केला. "ही आता पेटीत नाय," तो म्हणाला. हे तो गमतीने म्हणाला, पण दत्तप्रसादने बापाला पुन्हा एकदा श्वास सोडायला लावला. लहानपणापासून त्या शिटीशेजारी झोपलेला माणूस तो. ती जाड झाली, घोगरी झाली, दोन शिट्या एकदम वाजल्या, सगळं त्याने ऐकलं होतं. इतकी बारीक मात्र कधी नाही. सुतळी ओढून ओढून दोरा व्हावा तशी.

बाबलीकडे औषध नव्हतं असंही नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. एक निळा, दम लागला की तोंडात धरून ओढायचा. दुसरा तपकिरी, तो दम लागो न लागो, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. निळा बाबलीच्या खिशात असायचा, विडीच्या जागी. तपकिरी देव्हाऱ्यात होता, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला, त्याला रोज हळदकुंकू लागायचं.

"रोजचा औषध आजारी माणसा घेतत," बाबलीचं म्हणणं. "माका काय झाला हा?"

शनिवारी दुपारपर्यंत निळ्या पंपाचे फवारे मोजायच्या पलीकडे गेले. फस् आवाज यायचा, बाबली मान हलवायचा, शिटी होती तिथेच. दत्तप्रसाद म्हणाला, "सोमवारी कणकवलेक जावया."

"सोमवारीच. उद्या पावण्यांका टाकून खंय जातलंय?"

त्या घरात बापलेकाचं एकमत होण्याची ही बहुधा तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळांना कुणाचं नुकसान झालं नव्हतं.

रविवारी सकाळी आठला दत्तप्रसाद विश्वेशला घेऊन देवळात गेला. खिशात चिठ्ठी होती. चिठ्ठीची गरज अशी की मागच्या वेळी त्याच्या नोकरीसाठी घातलेल्या गाऱ्हाण्यात विश्वेशने पाऊस, काजूचा मोहोर आणि स्वतःला नवी पेटी असं सगळं जोडून टाकलं होतं, आणि आधी पेटी आली. या वेळी क्लार्कने मसुदा स्वतः केला होता.

विश्वेशने देवापुढे नारळ ठेवला, चिठ्ठी हातभर लांब धरली आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज तुझो हो लेकरू, दत्तप्रसाद बाबली, तुझ्या दारात उभो आसा…"

"व्हय म्हाराजा," दत्तप्रसाद म्हणाला. एरवी हे म्हणायला वीसेक माणसं असतात. एकट्याने म्हणताना त्याला हजेरी दिल्यासारखं वाटलं.

"…तर म्हाराजा, तेच्या बापाशीच्या छातीतून येणारा आवाज," इथे विश्वेश चिठ्ठीवरच्या भाषेत शिरला, "आज सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत पूर्णपणे बंद राहावा, ही नम्र विनंती रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

परतताना विश्वेश थोडा नाराज होता. "नम्र विनंती म्हणजे काय रे मेल्या? देव काय शिक्षणाधिकारी आसा?"

घरी बाबली पडवीत बाकावर बसला होता. नवा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांशी आलेले. शिटी चालू होती. तुळसाने शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, काढून ठेवले होते आणि ती नारळाचा रस पिळत होती, पण तिचं लक्ष पिळण्यात नव्हतं.

"हेंनी सकाळसून चाय घेवक नाय," ती म्हणाली.

"आये, पावणे गेले की लगेच नेतंय. सोमवारपर्यंत नको."

"लगेच?"

"लगेच."

असं म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. दोघांनाही बरं वाटलं. बाबलीला काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी वळणावर गाडीचा हॉर्न वाजला आणि शिटी थांबली.

आधी विश्वेशच्या लक्षात आलं. त्याचा कान तसा. तो उंबऱ्यात उभा राहिला, एक बोट वर केलं. तुळसा हातातला नारळाचा चोथा तसाच धरून बाहेर आली. दत्तप्रसादने बापाच्या तोंडाजवळ कान नेला. काही नाही. खालच्या वहाळाजवळ खंड्या ओरडत होता तो ऐकू आला.

"दोन तास," विश्वेश हळू आवाजात म्हणाला. "दोन तासात निकाल. आणि दहा मिनटा उशीर, ता पावण्यांक उशीर झालो म्हणान."

तुळसाने देवळाच्या दिशेने हात जोडले, चोथ्यासकट. बाबली हसला. बोलला नाही, पण हसला. दत्तप्रसादच्या डोळ्यात पाणीच आलं. तेहतीस वर्षांत त्याने आपलं घर इतकं शांत ऐकलं नव्हतं.

गाडीतून पाच माणसं उतरली. अक्षया, तिचे आईवडील, गाडी चालवणारा भाऊ कौस्तुभ, आणि जामसंड्याची आत्या. आत्याचं नाव शर्मिला. उंच, पांढऱ्या केसांची, चेहरा असा की आपण काहीतरी विसरलोय असं समोरच्याला वाटावं. कौस्तुभ दत्तप्रसादच्या कानात म्हणाला, "आत्याचा मनार घेव नको. सगळ्यांका तशीच बघता."

पण शर्मिलाआत्या सगळ्यांना बघतच नव्हती. तिने घर बघितलं नाही, काळाभोर तरवा बघितला नाही, तुळसाने पुढे केलेली शिरवाळ्यांची ताटली हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. ती बाबलीकडे बघत होती, त्यातही त्याच्या गळ्याकडे. सदऱ्याचं वरचं बटण कशाला लावायला सांगितलं, असं दत्तप्रसादला वाटलं.

"दादा बोलणत नाय?" आत्याने विचारलं.

"कमी बोलतात," दत्तप्रसाद पाहुण्यांसाठीच्या मराठीत म्हणाला. वाडीने ऐकलं असतं तर हसून पडली असती.

"चाळीस वर्सांत इतके गुमान पयलेच बसले हत," तुळसाने अभिमानाने खरं सांगून टाकलं.

आत्याने ताटली खाली ठेवली. बाबलीसमोर जाऊन उकिडवी बसली आणि त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. "दादा, एका दमात धापर्यंत आकडे म्हणा बघूया."

अक्षयाचे वडील कौलांकडे बघायला लागले.

"सातवी पास आसत ते," तुळसा दुखावून म्हणाली. "सही इंग्रजीत करतत."

"माका म्हायत आसा बाय. तुमी मोजा दादा."

बाबलीने तोंड उघडलं. "एक," तो म्हणाला. मग गळ्याखालची खळगी आत गेली, खोल, बोट मावेल इतकी. "दोन." खांदे वर गेले. "ती…"

मागून विश्वेशने हळूच "चार" असं सांगितलं.

आत्याने मागे न बघता त्याला हाताने गप्प केलं, बाबलीच्या सदऱ्याची उरलेली बटणं सरासर सोडली आणि सरळ त्याच्या छातीला कान लावला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पाठीला. होणाऱ्या सासऱ्याच्या छातीवर मुलीच्या आत्याने कान ठेवावा याला काय म्हणतात, ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कायच आयकाक येणा नाय," ती म्हणाली.

"तांच तर!" तुळसाचा चेहरा उजळला. "आता बंद झाला. देवान आयकला."

"गो बाय माझे." आत्याचा आवाज एकदम मऊ झाला आणि त्या मऊपणानेच दत्तप्रसाद उठून उभा राहिला. "वारो जाता येता तेव्हा शिटी वाजता. वारोच जाणा नाय, तर वाजतला काय? मी तीस वर्सा सरकारी दवाखान्यात नर्स होतंय. शिटीवाल्याक आमी रांगेत बसवू. शिटी थांबलेल्याक उचलून धावू."

दत्तप्रसादने बापाची नखं बघितली. पिकत आलेल्या जांभळाच्या रंगाची होती. ती कधीपासून तशी होती? सकाळी त्याने बापाचा सदरा बघितला होता, केस बघितले होते, पायातल्या चपला बदलायला लावल्या होत्या. नखं बघितली नव्हती.

"पंप खंय आसा?"

त्याने बापाच्या खिशातला निळा काढून आत्याला दिला. आत्याने हलवला, कानाशी नेला. "कधी हाडलो?"

"गणपतीक."

"सात म्हयने? फस् करता ती नुसती हवा. ह्यातला औषध कधीच संपला." तिने पंप त्याच्या हातात परत ठेवला. "कौस्तुभ, गाडी वळय. दादांका आडवो करू नको, बसलेलोच उचल."

गाडीत मागे मधोमध बाबली, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला दत्तप्रसाद, पुढे अक्षया. तुळसा गाडीबरोबर वळणापर्यंत धावली आणि मग पाहुण्यांना घरात एकटं कसं ठेवायचं म्हणून परत धावली. अक्षयाने कणकवलीच्या हॉस्पिटलला फोन लावून, शाळेत प्रार्थना सांगतात तशा स्पष्ट आवाजात, काय झालंय आणि किती मिनिटांत पोचतो ते सांगितलं. दत्तप्रसादला त्या आवाजाबद्दल काहीतरी चांगलं वाटायची वेळ होती, पण ते वाटायला जागा नव्हती. बाबली समोरच्या सीटवर हात टेकून पुढे वाकला होता. गाडीत इंजिनाचा आवाज होता, टायरचा होता, गिअरचा होता.

चौदा किलोमीटर. दर खड्ड्याला दत्तप्रसाद बापाच्या तोंडाजवळ कान नेई. आत्या म्हणाली, "कानान बघू नको. खळगीकडे बघ. हलता आसा तोवर आसा."

फोन वाजला. विश्वेश होता, धापा टाकत.

"दत्ता, मी देवळात आसय. देवासमोर उभो आसय. काय मागू, सांग."

दत्तप्रसादने बापाच्या खळगीकडे बघितलं.

"चिठ्ठी नाय रे माझ्याकडे. तू सांग, तसाच्या तसा म्हणतंय. एक शबूद वर घालूचंय नाय."

नऊ वर्षं दत्तप्रसादने शाळेत अर्ज लिहिले होते. रजेचे, बदलीचे, दाखल्यांचे. एका शिक्षकाच्या बैलाला विजेचा धक्का लागला तेव्हा बैलाच्या वतीनेही एक लिहिला होता. आता त्याला एक वाक्य जमेना.

"शिटी," तो म्हणाला. "शिटी परत दी म्हणान सांग."

"किती वाजेपर्यंत?" विश्वेशने सवयीने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नाय, ऱ्हवांदे." मग पलीकडून ओरडणं ऐकू आलं. "बा देवा म्हाराजा!" या वेळी सूर लागला नव्हता. व्हय म्हाराजा म्हणायलाही कुणी नव्हतं, म्हणून दत्तप्रसादने गाडीतूनच म्हटलं. आत्यानेही म्हटलं.

हॉस्पिटलात डॉक्टर शिवांगी नावाची होती, त्याच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. तिने बाबलीच्या नाकातोंडावर मास्क बांधला, त्यातून औषधाची वाफ घुरघुरायला लागली. हातात सुई गेली, बोटाला चिमटा लागला, चिमट्यावरचा आकडा बघून तिने ओठ आवळले. मग स्टेथोस्कोप लावला.

"डावीकडे अजून काहीच नाही," ती सिस्टरला म्हणाली. "पुन्हा द्या."

पुन्हा दिलं. दत्तप्रसाद दाराजवळ उभा होता. त्याला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण सांगणारा माणूसच दुसरीकडे गेला होता. हातात निळा पंप तसाच होता. देव्हाऱ्यातला तपकिरी पंप त्याला आठवत होता, कुंकवाने माखलेला. तो घे म्हणून त्याने बापाला किती वेळा सांगितलं? दोनदा. शिटी थांबवा म्हणून किती वेळा?

"काय झालं घरी?" डॉक्टरने पाठ न वळवता विचारलं. "कधीपासून त्रास वाढला?"

"शुक्रवारपासून."

"आज रविवार आहे."

"पाहुणे यायचे होते," तो म्हणाला. ते वाक्य त्या खोलीत जसं ऐकू आलं तसं ते त्याला जन्मभर ऐकू येणार होतं.

तिसऱ्या वेळची वाफ अर्धी झाली असेल. मास्कच्या घुरघुरीखाली काहीतरी बारीक वाजलं. दत्तप्रसादला वाटलं भास आहे, कुठेतरी दार करकरलं. मग पुन्हा. श्वास सोडताना, शेवटी शेवटी, केसाएवढी शिटी.

डॉक्टरने स्टेथोस्कोप सरकवला. "छान," ती म्हणाली. "वाजायला लागलं."

दत्तप्रसाद भिंतीला टेकून खाली बसला. शिटी जाड होत गेली. दोन झाल्या. एक काळी पाचमध्ये होती, दुसरी कुठल्याच पट्टीत नव्हती. बापाची शिटी त्याने दोन स्थळांच्या किमतीवर ऐकली होती आणि अशी कधी ऐकली नव्हती. शर्मिलाआत्या दारात येऊन उभी राहिली, एकदा ऐकलं आणि पदराने तोंड पुसलं.

"आता ही घालवायची," डॉक्टर म्हणाली.

"कुठली?"

"शिटी. आज रात्रभर इथेच ठेवू, उद्यापर्यंत बरीच कमी होईल. मग रोजचा पंप, न चुकता. धूर बंद."

"म्हणजे परत आवाज बंद होणार?"

"हो. पण तेव्हा हवा जात असेल."

"बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येणार ना?"

डॉक्टरने त्याच्याकडे नीट बघितलं. "आवाजावर जाऊ नका. ते बोलतायत का, झोपतायत का, नखं कशी आहेत, गळा आत जातोय का, ते बघा." मग ती पुढच्या पेशंटकडे गेली.

दुपारी दोनच्या सुमाराला आत्या आणि कौस्तुभ निघाले. अक्षया निघताना खाटेपाशी आली. "घर बघायचं राहिलं," ती म्हणाली, आणि दत्तप्रसादने काही बोलायच्या आत, "आधी ह्यांना घरी न्या." एवढंच. याचा अर्थ होकार की नकार, ते त्याने विचारलं नाही. तुळसाचा फोन आला तेव्हा ती नवऱ्याची चौकशी करून झाल्यावर रडत म्हणाली, की पाहुण्यांनी शिरवाळ्यांना हातसुद्धा लावला नाही.

तीन वाजता बाबलीला झोप लागली. तीन दिवसांतली पहिली. शिटी हळूहळू खाली आली, काळी पाचवरून चारवर, चारवरून विरळ झाली, मग अधूनमधून. आणि मग थांबली.

दत्तप्रसाद उठला. चिमट्यावरचा आकडा त्र्याण्णव होता, सिस्टर म्हणाली होती की हा बरा. नखं बघितली. खळगी बघितली, नीट दिसेना, चादर बाजूला केली. सगळं डॉक्टर म्हणाली तसं होतं. त्याने वाट बघितली. खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं आणि ते त्याला सोसेना. त्याने बापाचा खांदा हलवला.

"बाबा. बाबा, धापर्यंत मोजा."

बाबलीने एक डोळा उघडला. मास्क खाली ओढला.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात," तो एका दमात म्हणाला, आणि श्वास घेतला. "शिरा पडो तुझ्या तोंडार. झोपाक दी मेल्या."

"आठ, बाबा?"

"आठ उद्या."

त्याने मास्क वर चढवला आणि कूस बदलली. दत्तप्रसाद स्टूल ओढून अगदी खाटेला लावून बसला, आणि पंधरा मिनिटांनी त्याचा हात पुन्हा बापाच्या खांद्याकडे गेला.